पोरीच्या हातचा सांधा

१२ सप्टेंबर २००४

बाबांनी डॉक्टरला तोंडावर सांगितलं — न्हाई! ऑपरेशन करायचं न्हाई!

डॉक्टरनी एक्स-रे उजेडाला लावून दाखवला. स्टील मिलमध्ये लाल सळई उसळून बाबांच्या कमरेवर आल्ती, तेव्हा खुब्यात जो धातूचा सांधा बसवला तो आता ढिला झालाय. चालताना आतल्या आत हलतो आणि हाड खातो. जल्दी बदला, न्हाई तर पुढं नवा बसवायला हाडच उरणार न्हाई. एवढं साफ बोलले बिचारे. आणि आमचे सर्जेराव काय म्हणतात? — "थांबतो ना साहेब मी. माझी पोरगी बनवून राह्यली. तिचाच बसवू."

डॉक्टर माझ्याकडं पाहू लागले. "तुम्ही इम्प्लांट बनवता?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं! मी म्हणलं, न्हाई सर, मी पीएच.डी. करते, औरंगाबादला, लेसरवर. बाबा मधेच — "लाजती ती. लई हुशार हाय."

बदनापूरपर्यंत गाडीत एक शब्द बोलले न्हाई मी त्यांच्याशी. ते आपले खिडकीतून पाहत बसले, खुशीत.

१५ सप्टेंबर

आज लेसर बराबर चालला. सकाळपासून चकत्याच केल्या.

बाबांना मी हजारदा सांगितलंय काय करते ते. टिटॅनियमची चकती, जुन्या चार आण्याएवढी. तिच्यावर लेसरचा ठिपका मारायचा — टिक. तेवढाच धातू उकळून उडून जातो, खड्डा पडतो. केसापेक्षा बारीक. त्याच्या शेजारी दुसरा, मंग तिसरा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीनं. गुळगुळीत धातूला हाडाच्या पेशी नीट धरत न्हाईत, अशा ठिपक्यांवर चांगल्या धरतात, असं आमचं म्हणणं. म्हणणं! आधी काचेच्या बशीत सिद्ध व्हायचं, मंग सशात, मंग मेंढीत. माणसात जाईपर्यंत माझे केस पांढरे होतील असं आमचे गाईड सर स्वतः म्हणतात.

बाबांनी ह्यातलं एकच ऐकलं. हाड धरतं!

१९ सप्टेंबर

एक बिघडलेली चकती घरी आणल्ती बाबांना दाखवायला. म्हणलं, एकदा हातात घेऊन पाहतील तर कळेल, किती इतकुसं काम आहे आणि सांधा किती दूर आहे. उलटंच झालं. नख फिरवून पाह्यलं, गालाला लावून पाह्यलं, डोळे मिटून म्हणले, "खरखर लागती. धरणार! हाड सोडणारच न्हाई ह्याला."

लेसरनं चकती काळपट होते. दुपारी पाहते तर ओट्यावर लख्ख! आई म्हणली, "किती मळकट झाल्तं ते. राखेनं घासलं बघ, आता कसं चमकून राह्यलं."

हसून हसून पोट दुखलं माझं. बाबा मात्र आईवर जे भडकले — "चांगुणे, तुला काही अक्कल? पोरीनं महिना घातला त्याच्यात!" बिघडलेली होती हो बाबा, फेकायचीच होती. पण ऐकतंय कोण.

३ ऑक्टोबर

आज समोर बसवून सांगितलं. सगळं. मी सांधा बनवत न्हाई, मी फक्त त्याच्या वरच्या पृष्ठभागाचा अभ्यास करते. तुमचा सांधा कंपनीचाच बसेल आणि तो चांगलाच असतो. माझं काम आधी सशांवर जाणार.

"सशावर?"

"हो, सशावर."

"मंग मी काय सशापेक्षा कमी हाय का? माझ्यावर कर आधी! काय व्हायचं ते होऊ दे."



मंग हळूच म्हणले, "सत्या, मिलमध्ये भट्टीपुढं उभा राह्यलो ते तुला शाळेत घालायला. सांधा गेला तो पण त्याच्यातच. आता तो तुझ्याच हातचा यावा, एवढंच हाय माझं. बाकी काही मागत न्हाई."

मी उठून मोरीत गेले. तोंड धुतलं. परत धुतलं.

२१ नोव्हेंबर

पुण्याच्या लॅबला पाठवलेल्या चकत्यांचे निकाल आले!!! पेशी धरल्या! गुळगुळीत चकतीवर नुस्त्या पसरल्यात, आपल्या ठिपक्यांच्या चकतीवर खड्ड्यांच्या कडांना हातपाय रोवून बसल्यात. फोटो पाहून सर खुर्चीतून उठलेच. निम्म्या वेळात पकडलं म्हणले, निम्म्या!

घरी आल्याआल्या दारातूनच ओरडले, बाबा, निम्म्या वेळात! धाकटा भाऊ भिवा नुकताच जालन्याची फेरी करून आल्ता, काळी-पिवळी जीप दारात लावून जेवत होता. उष्ट्या हातानंच मला उचललं गाढवानं. बाबांनी आईला शिरा करायला लावला. रखमाजीकाकांच्या घरी, विहाराच्या कमिटीतल्या सगळ्यांच्या घरी वाटी वाटी गेला.

एवढा आनंद ह्या घरात माझ्या नोकरीच्या वेळी पण होणार न्हाई.

२२ नोव्हेंबर

भिवा जीपमधल्या प्रवाशांना सांगत सुटलाय, ताईनं हाडाचा सांधा बनवला. शेलगावचा एक म्हातारा घर विचारत आला. गुडघ्यासाठी! त्याला समजावता समजावता माझी गाडी चुकली.

१७ डिसेंबर

बाबांचा पाय आखूड झालाय. उजव्या चपलेखाली भिवानं टायरचा तुकडा ठोकून दिला. संडासला जायचं तर भिंत धरून, दात खाऊन जातात. ओरडत न्हाईत. ओरडले तर मला डॉक्टरकडं न्यायला निमित्त मिळेल ना!

विचारलं की, "झालं का तुझं?" एवढंच.

६ जानेवारी २००५

नवा एक्स-रे. डॉक्टर आज चिडले. म्हणले, ह्या महिन्या-दोन महिन्यांत केलं तर केलं, नंतर माझ्याकडं येऊ नका, नंतर पाय कायमचा गेला.

बाबा : "झालं का तुझं सत्या?"

आई भाकरी थापता थापता म्हणली, खाली पाहूनच — "सांग ना त्यांना, झाला म्हणून. तुझाच हाय म्हणून. बसवल्यावर कोण आत डोकावून पाहणार हाय?"

मी आईच्या अंगावरच गेले. आयुष्यभर ह्याच माणसानं शिकवलं, तपासल्याशिवाय काही मानायचं न्हाई, खोटं बोलायचं न्हाई. पंचशील रोज म्हणतो आपण, ते काय तोंडाची वाफ घालवायला? आणि त्यांच्याशीच खोटं? त्यांच्या शरीराबद्दल?

आई म्हणली, "तू खरं बोल मंग. आणि त्यांना पांगळं होताना पाह्य."

भाकरी करपली.

११ जानेवारी

सरांना विचारावं वाटलं, विचारलं न्हाई. ते काय सांगणार. हा काय त्यांचा प्रश्न आहे?

१३ जानेवारी

बाबा अंगणात पडले. धुण्याच्या दगडाजवळ. हाक मारली न्हाई कुणाला, आईनं पाह्यलं तेव्हा कोपरांवर सरकत उंबऱ्याकडं येत होते.

मी औरंगाबादहून आले, बॅग पण खाली ठेवली न्हाई. म्हणलं, "बाबा, झालं माझं. सांधा झाला."

त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी नजर खाली केली न्हाई. ती कशी केली न्हाई हे माझं मलाच माहीत.

"खरं?"

"खरं."

सत्यशीला नाव ठेवलंय बापानं आणि पोरगी काय निघाली!

पण लहान मुलासारखे रडले ते. भिवा पण रडला. त्याला पण खरंच वाटलं. आईनं मला नजरेनं सांगितलं, ह्याला नको सांगू, ह्याच्या पोटात काही राहत न्हाई.

१७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणले.

आत नेताना स्ट्रेचरवरून डॉक्टरचा हात धरला बाबांनी. "साहेब, सांभाळून बसवा. पोरीच्या हातचा हाय." मी डॉक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं, विनवलं होतं. त्यांना आवडलं न्हाई ते. तरी म्हणले, "हो काका, सांभाळून."

भला माणूस. मला पाहून मान फिरवली त्यानं.

२६ फेब्रुवारी

घरी आणलं. जीपची मागची सीट काढून भिवानं गादी टाकल्ती. स्टेशनपासून घरापर्यंत हॉर्न वाजवत आला येडा.

डॉक्टरनी निघताना बजावलंय. तीन महिने वॉकर. पूर्ण भार टाकायचा न्हाई, म्हणजे न्हाई. हाड आधीच पोखरलेलं आहे, त्याला सांधा धरायला वेळ पाहिजे. मी ऐकलं, भिवानं ऐकलं, बाबांनी मान डोलावली. शांतपणे. एवढ्या सहज ते कधी ऐकत न्हाईत.

९ मार्च

घर म्हणजे जत्रा झालीय. कोण न कोण येऊन राह्यलं पाह्यला. बाबा पलंगावर बसून लुंगी जरा वर करून टाके दाखवतात. "आत ठिपके हायेत. लेसरनं मारलेले. केसापेक्षा बारीक. हाड असं धरतं —" आणि समोरच्याचं मनगट करकचून पकडतात.

माझंच वाक्य. माझ्याच हाताची खूण.

रखमाजीकाका एका पेपरवाल्याला घेऊन आले. बापासाठी लेकीनं बनवला सांधा, असं छापायचं म्हणे. मी त्याला बाहेरच्या बाहेर हाकलला. काका नाराज झाले. बाबा उलट खूश — "बघा, प्रसिद्धीची हाव न्हाई तिला."

मी चहाचे कप उचलून आत गेले.

२४ मार्च

वॉकर भिंतीला टेकवलेला आणि बाबा मधल्या खोलीत उभे! हात सोडून! मी किंचाळलेच.

"अगं, चाललो मी चार पावलं. दुखलं पण न्हाई."

"डॉक्टरनी तीन महिने म्हणलंय बाबा!"

"ते साध्या सांध्याला. आपल्याला निम्मा वेळ. तूच म्हणल्तीस ना दारातून ओरडत? हिशेबानं माझं होत आलं."

आता काय सांगू? निम्मा वेळ चकतीला. माझ्या चकतीला. तुमच्या खुब्यात ठिपका न्हाई बाबा, एक पण न्हाई! वॉकर धरायला लावायचा तर हे सांगायला पाहिजे. दुसरा रस्ताच न्हाई.

म्हणलं, "माझ्यासाठी धरा." तर हसून धरला. मी खोलीबाहेर गेले की परत सोडत असणार.

३० मार्च

आईला म्हणलं, मी सांगते त्यांना सगळं. आज सांगते. ते वॉकर सोडून राह्यले माझ्या खोट्यावर.

आईनं हात धरला. "जयंती होऊ दे. पंधरा दिवसांचा सवाल हाय. किती वर्षांनी ते जयंतीला उभे राहून राह्यले! नवा पांढरा शर्ट शिवायला टाकलाय त्यांनी. मी लक्ष ठेवते त्यांच्यावर. जयंती झाली की सांग."

ठीक आहे. जयंती झाली की सांगते. १५ एप्रिलला. नक्की.

१३ एप्रिल

शर्ट आला. घालून दाखवला. वजन किती उतरलंय, खांद्यातून लोंबतो. तरी देखणे दिसले माझे बाबा.

कबूल करून घेतलंय — भिवाच्या जीपमध्ये बसून मिरवणूक पाहायची. खाली उतरायचं न्हाई. "बिलकुल न्हाई उतरत," म्हणले.

१४ एप्रिल

बाबा पडले.

१७ एप्रिल

दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहून राह्यले. आतमध्ये सोडत न्हाईत.

स्टेशन रोडवर मिरवणूक थांबल्ती. आम्ही बायका मागं, गाणी म्हणत. रखमाजीकाकांच्या हातात माईक. ते म्हणले, आपल्या सत्यशीलाताईंनी बनवलेल्या सांध्यावर सर्जेरावदादा उभे राहिलेत, दादांनी एकदा सगळ्यांना दिसावं! टाळ्या पडल्या. मी माणसांतून पुढं घुसायला लागले. नको, नको ओरडत. ढोलांत कोणाला ऐकू जातंय!

भिवानंच हात देऊन खाली उतरवलं. वॉकर जीपमध्येच. बाबा चालले. खरंच चालले, पाठ ताठ करून, पांढरा शर्ट, कपाळाला निळा गुलाल. लोकांनी गोल केला त्यांच्याभोवती. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि नाचले. माझ्याकडं पाहून नाचले. मी पोहोचले होते तोपर्यंत, हात पुढं केला तर लागला असता.

खाली बसले एकदम. लोकांना वाटलं बसून नाचतात. पोरं पण त्यांच्याभोवती बसून नाचायला लागली.

मला कळलं. त्यांच्या तोंडाकडं पाहूनच कळलं.

मांडीचं हाड सांध्याच्या बाजूनं उभं फाटलंय. तारांनी बांधलं. सांधा तोच ठेवलाय, आता काढला तर काही हाती लागणार न्हाई म्हणले डॉक्टर. मला वेगळं बोलावून विचारलं, "भार टाकायचा न्हाई हे मी सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं सर. तुम्ही खरं सांगितलं होतं.

मी पाडलं त्यांना. लिहून टाकलं एकदाचं.

२० एप्रिल

भेटायला आत सोडलं. मनाशी ठरवूनच गेल्ते. म्हणलं, "बाबा, एक सांगायचंय. तो सांधा —"

त्यांनी बोट वर करून गप्प केलं. आवाज न्हाई उरला, तरी रुबाब तोच.

"सांध्याचा दोष न्हाई. ऐक. मी सगळ्यांला सांगितलंय, केळीच्या सालीवरून पाय घसरला म्हणून. कोणी विचारलं तर तू पण हेच सांगायचं. तुझ्या कामाला बट्टा लागता कामा नये."

"बाबा, साल न्हव्हती तिथं."

"मला माहीत हाय न्हव्हती. घाई झाली माझी. थोडं अजून थांबायला पाहिजे होतं, तुझ्या सांध्याला वेळ द्यायला पाहिजे होता. माझी चुकी." मंग माझा हात धरला. "लोक नावं ठेवायला टपलेले असतात बाई. आपल्या माणसांच्या पोरीला तर जास्तच. तू फिकीर करू नको. मी सांभाळलंय."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील. माझ्यासाठी. माझ्या खोट्यासाठी!

सांगू शकले न्हाई. कसं सांगणार? सांगितलं असतं तर त्यांच्याकडं काय उरलं असतं?

२८ एप्रिल

जखमेत पू झालाय. शुगर वाढलेली. ताप. भिवा जीप उभी करून इथंच बसून आहे, फरशीवर.

सारखं म्हणतो, "मीच हात दिला ताई उतरायला. मीच." मी म्हणते, तुझा काही दोष न्हाई भिवा. खरं आहे ते. पण का न्हाई, ते सांगता येत न्हाई.

२ मे

सरांचा निरोप. निबंध बंगळूरच्या परिषदेला घेतलाय. अभिनंदन.

बाबांना सांगितलं कानाशी. ओठ हलले. काय म्हणले समजलं न्हाई. हसल्यासारखं केलं.

७ मे

बोलत न्हाईत आता. पायाकडं पाहवत न्हाई. आई तळपायाला खोबरेल चोळत राहते, जणू त्यानं काही होणार आहे. चोळू दे.

मी लॅबमध्ये परत जाणार न्हाई. तो टिक टिक आवाज मला ऐकवणार न्हाई.

९ मे

बाबा गेले. पहाटे. आई, मी, भिवा, तिघं होतो.

१० मे

त्याच पांढऱ्या शर्टात नेलं. धुतला तरी गुलाल निघाला न्हाई.

रखमाजीकाका सगळ्यांना सांगत होते — केळीच्या सालीवरून घसरले हो, पोरीच्या सांध्याला काही झालं न्हाई. बाबांनी पढवून ठेवलेलं. एकेक माणूस येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला, ताई तू किती केलंस बापासाठी. प्रत्येक हात जड होता.

१२ मे

सकाळी भिवा राख सावडायला गेला. येताना राखेतून सांधा घेऊन आला. धुऊन, पांढऱ्या फडक्यात. नेहमीसारखं त्यानंच ठरवून टाकलेलं, विहारात काचेत ठेवायचा, बाबांच्या फोटोशेजारी, खाली माझं नाव.

मला द्यायच्या आधी दारातल्या उजेडात फिरवून पाह्यला त्यानं. ठिपके शोधत होता. ठिपके न्हव्हते. दांड्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. ड्रायव्हर माणूस, गाडीचे नंबर वाचायची सवय. अक्षर अक्षर लावून कंपनीचं नाव वाचलं त्यानं.

"ताई, हे कोण?"

आई उठून आत गेली. त्यानं सांधा फडक्यात परत गुंडाळला, माझ्यापुढं जमिनीवर ठेवला, आणि म्हणला, "म्हणजे मी त्यांना कशावर उतरवलं?"